शेवटची थैली

अ‍ॅम्ब्रोज यॉनला जेम्सटाउनात सगळे 'घाई' म्हणत. आमच्या सेंट हेलेना बेटावर टोपणनावे ही अशी उलटीच चिकटतात. ज्याला आम्ही 'खांब' म्हणतो तो माझ्या कमरेला लागतो, आणि 'गोडबोल्या' म्हणून जो प्रसिद्ध आहे त्याच्या तोंडाला लागायची पाद्र्याचीसुद्धा छाती नाही. अ‍ॅम्ब्रोजने उभ्या जन्मात घाई केली ती दोनदाच. पहिल्यांदा केली तेव्हा बायकोने त्याला धक्क्यावर सगळ्या गावासमोर फैलावर घेतले. दुसऱ्यांदा केली तेव्हा कुणी काही बोलले नाही.

तो टपालाच्या होडीचा तांडेल होता. बाप तेच करत आला, म्हणून हाही तेच करू लागला. आमच्याकडे बंदर असे नाहीच. इंग्लंडहून आफ्रिकेच्या टोकाला, केपला जाणारे आणि केपहून इंग्लंडला परतणारे जहाज दूर पाण्यात नांगर टाकून उभे राहते, आणि माणसे, बटाटे, टपाल, जे काही असेल ते होडीतून न्यावे-आणावे लागते. धक्क्याच्या पायऱ्यांवर दोर लोंबत असतात. लाटेने होडी वर उचलली की दोर धरायचा आणि पाय टाकायचा. दोर सुटला तर माणूस ओला होतो आणि वर्षभर लोक त्याची टिंगल करतात.

हे जहाज आमच्या प्रेमापोटी थांबत नसे, सरकारच्या कंत्राटामुळे थांबत असे. विलायतेच्या सरकारने जहाजाच्या कंपनीला टपाल नेण्याचे पैसे बांधून दिले होते, आणि वाटेतल्या आमच्या बेटाचे टपालही त्यात धरले होते. हे कंत्राट बेटावर कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. लंडनला कुठल्यातरी कपाटात पडले असेल. पण त्यातले एक कलम आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ होते. स्वतःच्या नातवंडांची नावे विसरलेल्या म्हाताऱ्यासुद्धा ते बिनचूक सांगत. बेटाचे टपाल हातात पडल्याशिवाय जहाजाने नांगर उचलायचा नाही, हे ते कलम. उतारूंसाठी थांबायचे असे मात्र त्यात कुठेही नव्हते. उतारू राहिला तर राहिला. थैली राहता कामा नये, कारण थैली राजाची. पुढे राणी गादीवर आली तेव्हा राणीची.

आता आमच्या लोकांची खोड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळायचे नाही. बेट सोडून निघालेला माणूस सरळ धक्क्यावर येत नाही. आधी घरोघर जाऊन निरोप घ्यायचा. आणि कोरडा निरोप आम्हाला चालत नाही. एका घरी मिरची घातलेले माशाचे वडे, दुसऱ्या घरी नारळाच्या वड्या, तिसऱ्या घरी टोमॅटो माखलेला पाव, आणि प्रत्येक घरी थोडे रडणे. एखादे घर वगळले तर ते घर तुमच्या अंत्ययात्रेलासुद्धा येत नाही, आणि आलेच तर ते बोलून दाखवायला येते. त्यामुळे जहाजाचा भोंगा वाजतो तेव्हा जाणारा माणूस ब्लू हिलवर कुठेतरी तोंडात वडा धरून कुणाच्यातरी गळ्यात पडलेला असतो. असे पिढ्यानपिढ्या चालले आहे. त्यात कुणाला काही चुकते आहे असे वाटत नाही.

म्हणून 'शेवटची थैली' होती. पोस्टातून सगळ्या थैल्या सील होऊन वेळेवर धक्क्यावर येत. पहिल्या खेपेला बाकीच्या जात आणि एक मागे राहत असे. अ‍ॅम्ब्रोज ती शेजारी ठेवून पाइप भरत बसे. पाइप भरायला त्याला जेवढा वेळ लागे तेवढ्या वेळात दुसऱ्याने तंबाखूचे शेत लावले असते. पोस्टमास्तर जोशुआ मोठा कडक माणूस, तिकीट वाकडे लावले तर पत्र परत देणारा. पण तोसुद्धा तेवढा वेळ झाडावरच्या साळुंक्या बघत उभा राही. मग डोंगरावरून धूळ उडवत उतारू येई, बोचके होडीत पडे, उतारू पडे, त्यामागून थैली पडे.

या थैलीने बेटावरच्या कितीतरी लोकांची आयुष्ये मार्गी लावली. मोतीबिंदू काढायला केपला निघालेली विधवा अगाथा हिच्यासाठी ती थांबली. अगाथाची शेळी धक्क्यापर्यंत मागे आली होती आणि होडीत चढायचा हट्ट धरून बसली होती. असेन्शन बेटावर लग्नाला निघालेला नवरदेव, त्याच्यासाठीही थांबली. एकदा तर एका शिंप्यासाठी थांबली. तो मशीन घेऊन केपला नशीब काढायला निघाला होता आणि निरोपाच्या दारूत इतका बुडला होता की त्याला मशीनला बांधूनच होडीत उतरवावे लागले.

शिंप्याच्या वेळी मात्र जहाजावरचा पर्सर चिडला. टपाल मोजून घेणे हे त्याचे काम. प्रिंगल त्याचे नाव, उंच, वाळकासा माणूस, पांढरी टोपी कधी वाकडी होऊ न देणारा.

"यॉन," तो शिडीवरून म्हणाला, "तुमचं पोस्ट धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. ही शेवटची थैली दर वेळी येते कुठून? चंद्रावरून?"

"थैली जड असते, साहेब," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला.

प्रिंगलने ती एका हाताने उचलून दाखवली. मग मशीनला बांधलेल्या शिंप्याकडे पाहिले.

"हे बघ, पुन्हा उशीर झाला तर मी लंडनला लिहून कळवणार. मग तू घरी बस, होडी दुसरा कुणीतरी हाकेल."

अ‍ॅम्ब्रोजने ते ऐकून घेतले, घरी येऊन बायकोला, डल्सीला सांगितले, आणि दोघे हसले. कारण त्याच दिवशीच्या टपालात मर्टलची बातमी आली होती.

मर्टल ही त्यांची एकुलती एक मुलगी. लंडनच्या एका इस्पितळाने तिला परिचारिकेच्या शिक्षणाला घेतले होते. मात्र पुढच्याच जहाजाने निघायला हवे, त्यानंतर जागा दुसरीला जाईल, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. अ‍ॅम्ब्रोजने ही बातमी वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत स्वतः सांगत नेली. गोडबोल्याला दोनदा सांगितली. पण जहाजाचा दिवस जवळ येऊ लागला तसा तो गप्प होत गेला. ठीकठाक असलेले फाटक त्याने उगाच दुरुस्त केले, आणि मग ते लागेना. मर्टल स्वयंपाकघरात भजने म्हणत असे, चुकीच्या सुरात पण खणखणीत आवाजात, आणि समुद्रावरून आल्यावर तो आवाज कानी पडला की अ‍ॅम्ब्रोजला दिवस संपल्यासारखे वाटे. ती गेल्यावर घर कसे वाटेल हे त्याला कळत होते. पोरीने जाऊ नये असे त्याला वाटत होते. तिचे भले व्हावे असेही वाटत होते, नाही असे नाही. पण जाऊ नये हे जास्त वाटत होते, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

जहाज आले त्या दिवशी मर्टल उजाडताच निरोपाला बाहेर पडली. ब्लू हिलचे घर तिने शेवटी ठेवले होते, तिथे तिची धर्ममाता पर्पेच्युआ राहत होती. पर्पेच्युआने प्लो घातला होता. प्लो म्हणजे एकाच भांड्यात भात, कोंबडी, मसाला, सगळे. तो शिजायला जो वेळ लागतो तो कुठल्याही कंत्राटाला जुमानत नाही.

इकडे धक्क्यावर पहिली खेप होऊन गेली. बाकीचे उतारू केव्हाच वर चढले होते. डल्सी मर्टलच्या ट्रंकेशेजारी उभी होती. शेवटची थैली अ‍ॅम्ब्रोजच्या पायाशी होती. जहाजाचा भोंगा वाजला. अ‍ॅम्ब्रोजने पाइप न भरताच खिशात घातला, उठला, आणि थैली खांद्यावर मारली.

"चला रे," तो म्हणाला.

वल्ह्यावर खांब होता. त्याला वाटले आपण चुकीचे ऐकले.

"अंकल, मर्टल यायचीय अजून."

"जहाज मर्टलसाठी थांबत नसतं. टपालासाठी थांबतं."

"अहो मग टपाल थांबवा की! नेहमीसारखं."

"प्रिंगलसाहेबानं बजावून सांगितलंय. नियम म्हणजे नियम. वल्ही घे."

धक्क्यावरचे सगळे बघत राहिले. जोशुआमास्तरने साळुंक्यांवरून नजर काढून पहिल्यांदाच थैलीकडे पाहिले. अ‍ॅम्ब्रोज तरातरा पायऱ्यांकडे निघाला, आणि तो इतका भराभर चालू शकतो हे तोपर्यंत गावाला ठाऊक नव्हते.

डल्सी आडवी आली. तिने त्याच्या खांद्यावरची थैली ओढून खाली टाकली आणि तिच्यावर बसली. डल्सी अंगाने चांगली भरलेली बाई. थैलीचे फक्त तोंड दिसत राहिले, सीलसकट.

"ऊठ डल्सी. सरकारी टपाल आहे ते."

"असू दे. मला उठवायला सरकारला माणूस पाठवायला सांग."

"लोक बघतायत."

"बघू देत. ऐकू पण देत." तिने पदर खोचावा तशी शाल कमरेला खोचली. "अगाथाच्या शेळीची समजूत निघेपर्यंत थांबलास. त्या नवरदेवाचे बूट सापडेपर्यंत थांबलास. तो शिंपी! बेशुद्ध शिंप्यासाठी थांबलास, आणि मेला पुढल्या जहाजानं परत पण आला! तेव्हा तुला नियम माहीत नव्हता? आज स्वतःच्या पोरीच्या वेळेला बरं कंत्राट आठवलं तुला?"

"नोकरी जाईल माझी."

"गेली तर मासे धर. तुझ्या बापानं काय लंडनच्या जिवावर पोरं वाढवली?"

गोडबोल्या म्हणाला, "बरोबर आहे बाईचं," आणि डल्सीने त्याला एका नजरेत गप्प केले. मग तिने आवाज खाली आणला. जवळ उभे होते त्यांनाच पुढचे ऐकू गेले, आणि त्यांनी नंतर ते इतरांना सांगितले.

"नोकरीचं मला सांगू नकोस, अ‍ॅम्ब्रोज. माझ्याकडं बघ. ती जायला नकोय तुला."

अ‍ॅम्ब्रोज पाण्याकडे बघत राहिला. जहाज उन्हात स्वस्थ उभे होते. भोंगा पुन्हा वाजला.

"नकोय," तो म्हणाला.

"मलाही नकोय," डल्सी म्हणाली. "म्हणून तर बसलेय. उभी राहिले ना, तर मीच ही थैली उचलून होडीत टाकीन."

अ‍ॅम्ब्रोजने टोपी काढली, डल्सीला जरा सरकायला सांगितले आणि तोही थैलीवर टेकला. त्या थैलीत कुणाकुणाची पत्रे होती देव जाणे, पण त्या दिवशी त्यांची चांगली इस्त्री झाली. अ‍ॅम्ब्रोजने खिशातून पाइप काढून भरायला घेतला. तंबाखू डल्सीच्या मांडीवर सांडत होता, आणि तिने तो झटकला नाही. भोंगा तिसऱ्यांदा वाजला. जोशुआमास्तर पुन्हा साळुंक्या बघू लागला.

मग अंबाडीच्या गिरणीची लॉरी कमानीतून आत शिरली. धाग्यांच्या गाठोड्यांवर मर्टल बसली होती, केस विस्कटलेले, डोळे रडून सुजलेले, आणि मांडीवर फडक्यात बांधलेले भलेमोठे भांडे.

"पर्पेच्युआ आंटी भांडं सोडायलाच तयार नव्हती!" तिने वरूनच ओरडून सांगितले. "म्हणाली, जहाजावर काय देतील कुणास ठाऊक!"

डल्सी उठली. मायलेकी एकमेकींना बिलगून राहिल्या, खांबाने ट्रंक, भांडे आणि थैली होडीत उतरवेपर्यंत. मग मर्टलने दोर धरला, लाट वर आली, तिने पाय टाकला. कोरडी उतरली. डल्सी पायऱ्यांवर उभी राहिली आणि तिने हात हलवला नाही, कारण दोन्ही हातांनी दोर धरून ठेवला होता.

होडीत मर्टल बापाशेजारी बसली.

"पपा, जहाज गेलं असतं तर?"

"कसं जाईल? तुझी आई थैलीवर बसली होती. तिला उचलायची क्रेन बेटावर नाही."

ती हसली, मग पुन्हा रडली, मग नाक पुसून म्हणाली, "तुम्हीही बसला होता म्हणे."

"कोण म्हणालं?"

"खांब म्हणाला."

"खांबाला पुढं दिसतं थोडंच," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, आणि खांब जोरात वल्हे मारू लागला.

प्रिंगल शिडीच्या टोकाशी घड्याळ हातात घेऊन उभा होता. त्याने थैली पाहिली. ती पोळीसारखी चपटी झाली होती. त्याने रडवेली मुलगी पाहिली, तिच्यामागे ट्रंक, आणि तिच्या चेहऱ्यात तांडेलाचे नाक पाहिले.

"काय झालं, यॉन?"

"थैली जड होती, साहेब."

फडक्यातून प्लोचा वास येत होता. मर्टलने भांडे पुढे केले. "तुम्ही जेवलात का?" तिने विचारले. आमच्याकडे उशिरा आलेला माणूस आधी हेच विचारतो, त्यात लाच वगैरे काही नसते. प्रिंगलने भांडे घेतले आणि लेखणी काढली. उशिराचे कारण म्हणून त्याने खवळलेला समुद्र असे लिहिले. त्या दिवशी समुद्र तव्यासारखा सपाट होता.

अ‍ॅम्ब्रोजची नोकरी राहिली. पहिले काही महिने घर फार सुने वाटले. तो समुद्रावरून आल्यावर दारात उगाच थबकत असे. मग डल्सी भजने म्हणू लागली. ती मर्टलपेक्षाही बेसूर म्हणत असे, आणि अ‍ॅम्ब्रोज तक्रार करी, आणि ती आणखी मोठ्याने म्हणे. पत्रे येत. मर्टल शिकली, पास झाली, तिथल्या वॉर्डात रात्रपाळ्या करू लागली, धुक्याला शिव्या देऊ लागली. एका पत्रात तिने फोटो पाठवला, डोक्यावर पांढरी कडक टोपी घातलेला. अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, "ही टोपी प्रिंगलची आहे," आणि फोटो खिशात घेऊन गावभर फिरला. सुखात होता तो. मासे मिळत होते, गुडघे अधूनमधून कुरकुरत होते. आणि शेवटची थैली आता पूर्वीपेक्षाही सावकाश निघत होती. कुणी घाई कर म्हटले तर तो म्हणे, "घाई मी एकदा करून बघितलीय. मला मानवत नाही."

मर्टल अशी बरीच वर्षे तिकडे राहिली. मग बेटाच्या इस्पितळाला मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, हवी झाली आणि तिने अर्ज केला. ती कायमची घरी येणार असे पत्र आले, तेव्हा डल्सीने दीड दिवस कुणाशीही भांडण केले नाही.

ज्या दिवशी जहाज आले त्या दिवशी समुद्र उठला होता. वर्षातून काही दिवस आमच्याकडे अशा लाटा येतात की धक्क्याच्या पायऱ्या दिसतही नाहीत. अशा वेळी कप्तान उतारू उतरवत नाही. त्यांना सरळ केपला नेतो आणि परतीच्या फेरीला आणतो, तेव्हाही समुद्र उठलेला असला तर पुन्हा इंग्लंडला. एक कारकून असा तीनदा बेटासमोरून गेला होता. पण किनाऱ्याहून होडी जहाजाला जाऊन लागली तर टपाल मात्र द्यावेच लागते. ते कंत्राटात आहे.

होडी न्यायला कुणी तयार होईना. अ‍ॅम्ब्रोजचे नोकरीचे हे शेवटचे वर्ष होते, केस पिकले होते, सक्ती करायची त्याची पद्धत नव्हती. तो एकटाच पायऱ्या उतरू लागला. मग खांब उतरला, आणि खांब उतरलेला पाहून तरुण पोरांना लाज वाटली. डल्सी दोराच्या वेटोळ्यावर बसून राहिली. तिचे पाय आता तिला उभे राहू देत नसत.

जहाजाखाली होडी वर-खाली आदळत होती. अ‍ॅम्ब्रोजने मान वर करून कठड्यावरचे चेहरे शोधले. मर्टल दिसली नाही. त्याला वाटले, बरोबर आहे, उतारूंना आत ठेवले असेल, आता केपला जाऊन परत येईल. मोठ्या जाळ्यात थैल्या भरून क्रेनने जाळे बाहेर काढले आणि हळूहळू खाली सोडले. ते वाऱ्याने गरगर फिरत होते. जाळे खाली आले तेव्हा अ‍ॅम्ब्रोजला थैल्यांच्या मधोमध एक बूट दिसला, मग पाय, मग एका थैलीला घट्ट मिठी मारून बसलेली बाई, डोळे गच्च मिटलेले आणि तोंडाने चुकीच्या सुरात भजन चाललेले.

कप्तानाचा हुकूम होता की उतारू उतरवायचे नाहीत. टपालाबद्दल त्याने काही म्हटले नव्हते. स्वतः कप्तान त्या वेळी सुकाणूघरापाशी पाठमोरा उभा राहून दुर्बिणीतून भलत्याच दिशेचे पक्षी बघत होता.

वर कठड्यावर पांढरी टोपी दिसली. टोपीखालचे केसही आता पांढरे झाले होते.

"यॉन!" प्रिंगल वाऱ्यावर ओरडला. "टपाल नीट उतरवून घे! एक थैली जड आहे!"

अ‍ॅम्ब्रोजने दोन्ही हातांनी जाळे धरले, पोरीला थैलीपासून सोडवले आणि आपल्या पायाशी बसवले, जशी ती लहानपणी बसत असे. तिने डोळे उघडले आणि विचारले, "पपा, जेवलात का?"

"हाणा रे!" तो पोरांवर ओरडला. "हाणा, काय बघताय! झोपलात काय!"

पोरे चकित झाली, कारण घाईच्या तोंडून असे कुणी ऐकले नव्हते. खांब मात्र मान खाली घालून वल्हे मारत राहिला. धक्का जवळ येऊ लागला. फेसातून पायऱ्या दिसल्या, मग दोर दिसले, आणि पलीकडे वेटोळ्यावर बसलेली डल्सी दिसली. तिने होडीत माणसे मोजली. पुन्हा मोजली. मग कुणाचाही हात न धरता ती उभी राहिली.